विकावे की राखावे?



सद्भक्तहो, वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की आपल्या भागात दोन गोष्टींची तयारी सुरू होते. एक बसव जयंतीची, दुसरी जमिनीच्या व्यवहाराची. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगला म्हणून इसार त्याच दिवशी द्यायचा! बसवण्णांच्या जन्मदिनी हेही काम निघते, तर त्यावर दोन शब्द बोलणे अवघड वाटू नये.

निपाणी, संकेश्वरपासून बेळगावपर्यंत महामार्गाच्या कडेने पाहावे. काल जिथे तंबाखू उभा होता तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. २०२० साली कर्नाटकाने भूसुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे काढली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. मग भक्त विचारतात, "स्वामीजी, वाडवडिलांची जमीन विकली तर पाप लागते का?"

अल्लमप्रभूंनी मातीला माया म्हटले नाही. मनातल्या हव्यासाला म्हटले. तेव्हा विकणारा पापी आणि राखणारा पुण्यवान, असा हिशेब शरणांच्या दारात चालत नाही. घरात दुखणे आहे, कर्ज आहे, लेकराचे शिक्षण अडले आहे, तर जमीन विकण्यात लाज कसली? उलट रान पडीक टाकून, भाव चढेल म्हणून दहा वर्षे वाट पाहणारा राखतो काय? जमीन नव्हे, आशा राखतो. तिथे कायकही नाही आणि दासोहही नाही.

आयदक्की मारय्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत करायला लावले. घरात धान्य आले म्हणून ती माउली हरखली नाही. व्यवहार ठरवताना आपल्या घरातल्या लक्कम्मांना कोणी विचारतो का?

हे मुद्दाम विचारतो, कारण या भागातले पुष्कळ तंटे विकण्यावरून होत नाहीत, न विचारता विकण्यावरून होतात. भाऊ भाव ठरवतात, इसार घेतात, आणि मग सासरी गेलेल्या बहिणीला निरोप जातो, "एक सही करून जा." साडी-चोळीवर हक्कसोड! कर्नाटकाने १९९४ साली वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तेही बंधन गेले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे. कायद्याला हे सांगायला इतका वेळ लागला. अनुभव मंटपात अक्कमहादेवींना मानाची जागा बाराव्या शतकातच मिळाली होती. आपण बसवण्णांचा जयजयकार करायचा आणि बहिणीचा वाटा गिळायचा, हे इष्टलिंग हातावर घेऊन कसे जमते?

बहिणीने राजीखुशीने सोडले तर गोष्ट वेगळी. पण ती राजीखुशी चार माणसांच्या दडपणाखाली, दुय्यम निबंधकाच्या ओट्यावर उभी करून घेतलेली नसावी.

राखण्याचाही एक थोर दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली लिंगैक्य झाले. आपली मिळकत त्यांनी मृत्युपत्राने समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. बेळगावचे लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. प्रत्येकाजवळ देसगत नसते, हे खरे. पण दोन एकर विकणाऱ्यालाही पैसा कुठे जाणार हे आधी ठरवता येते. गाडी आणि लग्नाचा मांडव यांत गेलेली जमीन परत येत नाही. विहीर, शिक्षण, धंदा यांत गेली तर निदान कायक तरी उभे राहते.

असो. ज्यांचा व्यवहार या तृतीयेला व्हायचा आहे, त्यांनी आधी बहिणीला बोलावून घ्यावे. तिला उतारा दाखवावा, ठरलेला भाव खरा सांगावा, आणि ती विचार करून बोलेपर्यंत इसाराला हात लावू नये. मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो.