वाद घालणारे कान

14 ऑगस्ट 1995 रोजी ब्रिटनमधल्या दुकानांत दोन नवी गाणी एकाच दिवशी आली. ब्लर या बँडचं ‘कंट्री हाउस’ आणि ओएसिसचं ‘रोल विथ इट’. ब्लरनं तारीख मुद्दाम जुळवून घेतली होती, त्यामुळे आठवडाभर अख्ख्या देशात दोनच पक्ष उरले. एकीकडे लंडनच्या कला महाविद्यालयातून आलेली मुलं, दुसरीकडे मँचेस्टरच्या कामगार वस्तीतले दोन भाऊ. बीबीसीच्या बातम्यांपर्यंत हे भांडण पोचलं. आठवड्याअखेर आकडे आले: ब्लर 2 लाख 74 हजार, ओएसिस 2 लाख 16 हजार. ब्लर जिंकले. वर्षभरातच चित्र उलटलं. ओएसिसचा ऑक्टोबरमधला अल्बम खपात ब्लरला कितीतरी मागे टाकून गेला आणि ऑगस्ट 1996 मध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख लोकांनी त्यांना ऐकलं.

मग श्रेष्ठ कोण? आकड्यांनी दोनदा उत्तर दिलं आणि दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध होती. ज्या दोन गाण्यांवरून एवढं रण माजलं, ती त्या बँडची सर्वोत्तम गाणी आहेत असं आज त्यांचे चाहतेही सहसा म्हणत नाहीत. त्या आठवड्यात लोक ज्या हिरिरीनं गाण्यांबद्दल बोलत होते, त्या हिरिरीनं ती ऐकत मात्र नव्हते.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावरून आपल्याकडेही रसिकांत तट पडले होते. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, भामिनी आणि धैर्यधर म्हणून. तो प्रयोग शंभर वर्षांनंतरही आठवला जातो, कारण दोन गळे एकाच रात्री, एकाच रंगमंचावर शेजारी शेजारी ऐकायला मिळाले आणि त्यांतलं वेगळेपण कानांसमोर आलं.

असे वाद पाहून शहाणी माणसं म्हणतात, सोडून द्या, ज्याची त्याची आवड. संगीतात सिद्ध काय करणार? हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्यामागे आळस आहे असं मला वाटतं. आवड ज्याची त्याची असते हे खरंच. पण ती का आहे हे दुसऱ्याला सांगायची वेळ आली, की माणूस पहिल्यांदा नीट ऐकतो. एकट्यानं ऐकताना ‘मस्त आहे’ एवढं पुरतं. समोरचा ‘यात मस्त काय आहे?’ असं विचारतो, तेव्हा गाण्यात परत शिरावं लागतं. म्हणून आवडीचा वाद घालावा, जोरात घालावा, या मताचा मी आहे. फक्त तो कशावर घालायचा, हे समजून घ्यायला हवं.

द व्हाइट स्ट्राइप्सचं उदाहरण घेऊ. डेट्रॉइटचा हा बँड दोनच माणसांचा: जॅक व्हाइट गिटार आणि गायनाला, मेग व्हाइट ड्रम्सला. मेग चांगली ड्रमर आहे का, हा वाद बँड होता तोवर चालला आणि बँड बंद झाल्यावरही अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, तिला फारसं काही वाजवताच येत नाही, शाळकरी पोरही एवढं वाजवेल. दुसरी बाजू रागावते. राग बाजूला ठेवून 2003 सालचं ‘सेव्हन नेशन आर्मी’ पुन्हा लावावं. सुरुवातीला बेस गिटारसारखा खोल आवाज येतो, पण तो बेस नाही. साध्या गिटारचा स्वर पेडलनं एक सप्तक खाली आणला आहे. त्याखाली ड्रमचा एकसारखा, न सजवलेला ठोका. त्या ठोक्यात काही भरलं असतं तर गिटारची ती चाल एवढी मोठी झाली असती का? जगभरातल्या फुटबॉल मैदानांवर हजारो माणसं ती चाल शब्दांशिवाय गातात, यात त्या मोकळ्या जागेचाही वाटा आहे. हे पटलं नाही तरी चालेल. पण वाद आता कुठे आला पाहा. ‘मेगला येतं की नाही’ इथून निघून तो ‘कौशल्य म्हणजे काय, किती वाजवता येतं ते, की किती वाजवायचं नाही हे कळणं?’ या प्रश्नापाशी आला. तबल्याच्या साथीबद्दल आपल्याकडे हाच प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. वाद इथवर आला की जिंकण्याहरण्याला अर्थ उरत नाही, कारण दोघांच्याही कानांना काहीतरी नवं मिळालेलं असतं.

दुसरा मोठा वाद बदलाचा. ऑक्सफर्डजवळच्या शाळेत जमलेल्या रेडिओहेडनं 1997 मध्ये ‘ओके कॉम्प्युटर’ काढला आणि गिटारच्या रॉकमध्ये त्यांच्या पुढे कोणी नाही, असं अनेकांना वाटू लागलं. ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांचा ‘किड ए’ आला, तेव्हा त्यात गिटार जवळजवळ मागे सरली होती. संगणकी ठोके होते, ओंद मार्तेनो नावाचं जुनं फ्रेंच विद्युत्‌वाद्य होतं, गायक थॉम यॉर्कचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदललेला होता. एकही सिंगल काढलं नव्हतं. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पण चाहते दुभंगले. कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर कठोर टीका केली. श्रोत्याकडून हा अल्बम फार मोठ्या सहनशीलतेची अपेक्षा करतो, असा त्यांचा रोख होता. त्याच काळात ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळानं त्याला दहापैकी दहा गुण दिले.

पुढच्या काळानं ‘किड ए’च्या बाजूनं कौल दिला म्हणून हॉर्नबींना चूक ठरवणं सोपं आहे. मला ते योग्य वाटत नाही. दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसानं संगीतापुढे किती वेळ बसावं, हा त्यांचा प्रश्न खरा होता. आणि उलट बाजूचं उत्तरही खरं होतं: जो बँड आपल्या यशाची नक्कल करत राहतो, तो श्रोत्याला गृहीत धरतो. शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीजच्या चाहत्यांत 2018 मध्ये हेच झालं. 2006 चा त्यांचा पहिला अल्बम पहिल्या आठवड्यातच साडेतीन लाखांहून अधिक खपला होता. शहरातल्या रात्री, टॅक्सीच्या रांगा, भांडणं हे सगळं त्यात धावत्या गिटारवर होतं. 2018 च्या ‘ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो’मध्ये गायक ॲलेक्स टर्नर पियानोपाशी बसून चंद्रावरच्या हॉटेलाबद्दल गाऊ लागला. ‘आमचा बँड गेला’ असं म्हणणाऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. सतराव्या वर्षी एखाद्या बँडनं आपल्याला शब्द दिलेले असतात; तो बँड पुढे गेला की ते वयही हातातून सुटतं. पण हे दुःख आपलं आहे, गाण्यातला दोष नाही, एवढा भेद करता आला तर वाद प्रामाणिक राहतो. ‘हा अल्बम वाईट आहे’ आणि ‘यात मला हवा असलेला मी सापडत नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

तिसरा वाद इंडी रॉकचा खास स्वतःचा आहे: बँड कुणाचा? मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलवर, आपल्या अटींवर संगीत काढायचं, हा या प्रवाहाचा मूळ आग्रह. वॉशिंग्टनच्या फुगाझीनं तो जवळजवळ व्रतासारखा पाळला. स्वतःच्याच ‘डिस्कॉर्ड’ लेबलवर अल्बम, तिकीट पाच डॉलरच्या आसपास, कार्यक्रम सर्व वयांच्या लोकांसाठी खुले, बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत. त्याउलट ज्या ब्लर-ओएसिसच्या नावानं इंग्लंडमधली इंडी घरोघरी पोचली, त्यांतल्या ब्लरचं लेबल ईएमआय या बड्या कंपनीच्या मालकीचं झालं होतं आणि ओएसिसच्या ‘क्रिएशन’चा जवळपास निम्मा हिस्सा सोनीकडे होता. मग हे इंडी कसे, हा प्रश्न रास्तच आहे. ईएमआयशी करार संपलेल्या रेडिओहेडनं 2007 मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यानं ठरवावी असं सांगितलं. काहींनी याला क्रांती म्हटलं. काहींनी विचारलं, मोठ्या कंपनीच्या पैशावर आधीच नाव झालेल्यांना हे परवडतं, नव्या पोरांचं काय?

पैशाचा प्रश्न संगीताबाहेरचा आहे असं मानणाऱ्यांनी निर्वाना या बँडच्या 1993 सालच्या ‘इन युटेरो’ अल्बमचा इतिहास पाहावा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनी यांनी विक्रीतला टक्का नाकारून एकरकमी मेहनताना घेतला, कारण बँडच्या गाण्यावर आपला कायमचा हक्क असू नये असं त्यांचं मत होतं. त्यांनी ड्रम्स खोलीच्या घुमाऱ्यासकट घेतले. आवाज इतका उघडा आला की कंपनी अस्वस्थ झाली आणि काही गाण्यांचं मिश्रण दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतलं गेलं. मालकी कुणाची, हा प्रश्न इथे थेट ध्वनीत उतरलेला ऐकू येतो. नैतिकतेचा वाद असा कानापाशी परत आला तर त्याला वजन येतं. नाहीतर तो केवळ कोण शुद्ध, कोण भ्रष्ट याच्या याद्या करत बसतो. न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्सना 2001 मध्ये ‘श्रीमंतांची पोरं’ म्हणून हिणवलं गेलं. गायकाचे वडील मॉडेल एजन्सीचे मालक होते हे खरं. पण तळघरातल्या स्टुडिओत मुद्दाम खरखरीत ठेवलेला तो आवाज, एकमेकांत अचूक गुंफलेल्या त्या दोन गिटार, यांचं मोल वडिलांच्या धंद्यावरून ठरत नाही.

हे सारे वाद आपल्याकडेही झाले आहेत. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला, तेव्हाच्या बऱ्याच बँडची मदार परदेशी गाण्यांवर होती. रॉक मशीनसारख्या बँडनं 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढे इंडस क्रीड असं नाव घेतलं, आणि श्रोत्यांसमोर एक नवीन काम आलं. दुसऱ्याचं गाणं कसं वाजवलं हे सांगायला मूळ गाणं हाताशी असतं. बँडचं स्वतःचं गाणं कसं आहे हे सांगायला आपल्या कानाखेरीज दुसरा आधार नसतो. 2010 मध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला, तोवर आपल्याच बँडवरून तावातावानं भांडणारे तरुण तयार झाले होते. कुठल्याही शहरातलं संगीत वयात आलं याची हीच खूण मी मानतो: तिथले श्रोते आपल्या माणसांच्या गाण्यावर वाद घालू लागतात.

हा वाद कसा घालावा याचा एक वस्तुपाठ मराठीत आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त ख्यालाच्या घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे, जयपूर दोहोंचा तोल साधणारं. त्यांची स्वतःची पसंती लपलेली नाही, आणि तिच्याशी असहमत होणारे रसिक तेव्हाही होते, आजही आहेत. पण कशाशी असहमत व्हायचं हे त्यांनी स्पष्ट केलं. गुरुभक्तीच्या जागी त्यांनी निकष ठेवला. रॉकच्या चाहत्यांनीही हे करावं. एका टोकाला गाण्याची चाल, दुसऱ्या टोकाला ध्वनीचा पोत, असं धरून बघा. ओएसिस पहिल्याकडे झुकतील, ‘किड ए’चा रेडिओहेड दुसऱ्याकडे, आणि मधल्या जागेवरून खरा वाद सुरू होईल. रांग लावण्यापेक्षा नकाशा काढणं अवघड आहे, आणि त्यासाठी दोन्ही बँड ऐकलेले असावे लागतात.

आज मला कडवटपणाची फार भीती वाटत नाही. भीती वाटते ती वाद न होण्याची. स्ट्रीमिंगच्या सेवा आपण काल जे ऐकलं त्याच्यासारखंच आज पुढे ठेवतात. नावडतं गाणं बोटाच्या एका हालचालीनं नाहीसं होतं. ते का नावडलं हे कुणी विचारत नाही. मित्रानं हट्टानं ऐकायला लावलेला, पहिल्यांदा न आवडलेला आणि पाचव्या वेळी उलगडलेला अल्बम या व्यवस्थेत आपल्यापर्यंत पोचतच नाही. तो पोचवणारा माणूस म्हणजे तोच, जो तुमच्या आवडीला नावं ठेवतो आणि त्याची कारणंही देतो. असा मित्र गमावला तर आपली आवड सुरक्षित राहील, पण ती वाढायची थांबेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्या बँडला फालतू म्हटलं, तर त्याला ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून सोडू नका. कुठलं गाणं, कितव्या मिनिटाला, नेमकं काय खटकलं, हे विचारा. त्याच्या आवडत्या बँडचं एक गाणं मागून घ्या आणि ते शेवटपर्यंत ऐका. मग आपलं मत सांगा, कारणांसकट, आणि समोरच्याचं कारण अधिक बळकट निघालं तर आपलं मत बदला. संगीतावर प्रेम करणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना द्यावा असा याहून मोठा मान मला माहीत नाही.