खोटा दिलासा

अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांच्या ‘कॅट्स क्रेडल’ (१९६३) या कादंबरीत जगाचा अंत पाणी गोठून होतो. अणुबॉम्ब घडविणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ असे बर्फ करून ठेवतो, की त्याचा कण लागताच सारे पाणी थिजावे. पापाचा विषय निघाला, तर हा गृहस्थ विचारतो, पाप म्हणजे काय! त्याची मुले ते बर्फ शेतीसारखे वाटून घेतात. विज्ञानाला हाणलेला हा टोला आम्हांस पटला.

पण धर्माचे काय? बेटावरचे दारिद्र्य हटेना, म्हणून बोकोनन धर्म काढतो, आणि तो खोटा आहे हेही स्वतःच सांगतो. प्रामाणिक म्हणावे, तर प्रलयातून वाचलेले हजारो लोक त्याच्याच सल्ल्याने बर्फ ओठांस लावून मरतात. बुवा मात्र मागे राहतो.