अक्षहृदय आणि अधिकारभेद

सोलापूर सोडून आईच्या दर्शनास पायी निघालेला कोजागरीचा यात्रेकरू तामलवाडीस येतो तेव्हा जिल्ह्याची हद्द मागे पडलेली असते. १९४८ पूर्वी तर येथे अंमलच पालटत असे, मागे इंग्रजांचा इलाखा आणि पुढे निजामाची मोगलाई. हाकीम बदलला की रयतेने आपली बोली आणि चाल बदलावी, हे या मुलुखाला कोणी शिकवावे लागले नाही. ज्या तुळजापुरास हा यात्रेकरू निघाला आहे, तेथील भारतीबुवांच्या मठात साक्षात भवानी मठाधिपतींशी सारीपाट खेळावयास येत असे, अशी आख्यायिका आहे. आणि ती ऐकताना मला नेहमी वाटते की, समोरचा गडी पाहून डाव बदलणे हे शहाणपण म्हणावे की कपट?

सारीपाटावर सोंगट्या दोघांच्याही नजरेसमोर उघड्या असतात. पोकर नावाच्या विलायती पत्त्यांच्या खेळात मात्र पाने झाकलेली, म्हणून तेथे पानांहून माणूसच अधिक वाचावा लागतो. जो भित्रा गडी उत्तम पाने आल्यावाचून पैसा लावीत नाही, त्याला हूल देऊन डावातून उठवावे, पण तोच आपण होऊन रक्कम वाढवू लागला की मुकाट्याने पाने खाली ठेवावीत. उलट ज्याला प्रत्येक डावाचा शेवट पाहिल्यावाचून चैन पडत नाही, त्याच्यापुढे हूल व्यर्थ, तेथे बळकट पानांची वाट पाहून मग पुरता दाम वसूल करावा. उठल्यासुटल्या रक्कम चढविणाऱ्यास चढवू द्यावे आणि आपण भक्कम पाने हाती धरून दुर्बळासारखे बसावे. तोडीस तोड गडी भेटला तर मात्र आपलीच चाल अशी मिसळती ठेवावी लागते की, तिचा ठाव त्याला लागू नये.

हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आपल्या परंपरेतला अधिकारभेदाचा सिद्धांतही याच पायावर उभा आहे. एकाला नामस्मरण, दुसऱ्याला कर्म, तिसऱ्याला निर्गुणाचे चिंतन सांगणारा गुरू समोरच्याचा स्वभाव जुगाऱ्याइतक्याच बारकाईने न्याहाळीत असतो. भेद ज्ञानात नाही, इच्छेत आहे. शिष्याची भीती जावी म्हणून गुरू ती ओळखतो. जुगाऱ्याला मात्र भित्र्याने उद्याही भित्रेच राहावे, उतावळ्याने शहाणे होऊ नये, असे मनापासून वाटत असते. दुसऱ्याच्या दोषावर ज्याची बरकत चालते, त्याला त्या दोषाची जोपासना करावी लागते, आणि द्रव्यहानीपेक्षा हेच मला द्यूतातले खरे पाप वाटते.

मग सर्वांशी एकाच रीतीने खेळणारा निर्दोष ठरतो काय? धर्मराजाला द्यूताची आवड आहे, कौशल्य नाही, आणि बोलावणे आल्यास तो नकार देणार नाही, एवढे शकुनीने आधीच हेरले होते. धर्मराजाने मात्र कपटाची शंका बोलून दाखवूनही आपला नेम रेसभर ढळू दिला नाही. या हट्टाला समत्व म्हणण्याची चूक पुष्कळ कीर्तनकार करतात. समोर कोण बसले आहे हे पाहण्याचेच ज्याने नाकारले, त्याची स्थिरता ही एक प्रकारची बेपर्वाईच होय, आणि तिची किंमत भर सभेत द्रौपदीला मोजावी लागली.

वनवासात बृहदश्व ऋषींनी याच धर्मराजाला नलाची कथा सांगितली आणि अक्षहृदय ही फाशांचे मर्म उलगडणारी विद्याही दिली. नलाला ती ऋतुपर्णाकडून मिळाली होती. आपल्या निषध राज्यात परतून त्याने, पूर्वी द्यूतात ते राज्य जिंकून घेणाऱ्या भावाला, पुष्कराला, पुन्हा पटावर बसविले आणि एकाच पणात गेलेले सर्वस्व परत घेतले. आता पुष्कराची सर्व दुर्बळता त्याच्या हाती होती आणि हवे तितके डाव मांडता आले असते. परंतु नलाने त्याला जीवदान दिले, त्याचा वाटा त्याला परत केला आणि त्याच्या नगरास सन्मानाने पाठविले. त्या दोघांत पुन्हा फासे पडले नाहीत.