शारदाश्रमाचे वार्षिक

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. राळेगावात बसून ती बातमी वाचताना मला आठवले आपल्याच जिल्ह्याचे, यवतमाळचे, एक जुने नियतकालिक: ‘शारदाश्रम वार्षिक’. त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, याचे वाईट वाटते.

यशवंत खुशाल देशपांडे हे कायदा शिकलेले गृहस्थ. त्यांनी यवतमाळात शारदाश्रम उभा केला, जुन्या पोथ्या जमवल्या, शिलालेख वाचले. 1925 मध्ये त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ आला आणि शके 1855चे, म्हणजे 1933-34चे, वार्षिक त्याच ध्यासातून निघाले.

हे काम किती चिकाटीचे! महानुभाव पंथाच्या कितीतरी पोथ्या सांकेतिक लिपीत. त्यांतल्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरेच अक्षर किंवा खूण येते. किल्ली ठाऊक नसेल तर डोळ्यांपुढे मराठी असूनही ओळ लागत नाही. आधी महंतांचा विश्वास मिळवायचा, मग पोथी उकलायची, दुसऱ्या प्रतीशी शब्दन् शब्द ताडून पाहायचा. एवढे झाल्यावर मजकूर छापखान्यात जाणार.

वेल्श मंडळींनीही 1877 मध्ये आपल्या भाषेच्या जुन्या ठेव्यासाठी ‘अ कम्रॉडॉर’ हे नियतकालिक काढले, पण ते लंडनसारख्या महानगरातून, जुन्या नामांकित संस्थेच्या बळावर. इकडे यवतमाळ म्हणजे कापसाच्या मुलखातले जिल्ह्याचे गाव. म्हणून मला आपल्या या वार्षिकाचे मोल अधिक वाटते.

अशा कामातून काय हाती येते ते पाहा. वा. ना. देशपांडे यांनी 1939 मध्ये संपादून छापलेल्या ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात एक प्रसंग आहे. पंथातले पंडित केशोबास संस्कृतात ग्रंथ रचू पाहतात आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य त्यांना थांबवतात. त्यांना काळजी पंथातल्या म्हाताऱ्यांची. संस्कृत ग्रंथ त्या बायांच्या काय कामाचा? सातशे वर्षांपूर्वीचा हा जिव्हाळा आज आपल्याला वाचता येतो, कारण कोणीतरी पोथी उघडून बसले, अक्षर लावले आणि छापून सर्वांपुढे ठेवले.

महानुभावांच्या रिद्धपूरला आता मराठी विद्यापीठ झाले आहे. तिथल्या मुलांच्या हाती हे वार्षिक पडावे, आणि आमच्या राळेगावच्या वाचनालयातही त्याची एक प्रत यावी, असे मला मनापासून वाटते.