पाळणाघर वाढते तेव्हा मूल कोणाचे?

पाळणाघर वाढवायचे ठरले की पहिली यादी होते ती माणसांची: वास्तुविशारद, हिशेबनीस, बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, शिवाय जादा ताया आणि मावश्या. एक ताई आणि एक मदतनीस मिळून दहा-बारा मुले सांभाळत असतात, तोवर मूल रडले तर कोणी उठायचे हे ठरवावे लागत नाही. मुले पन्नास-साठ झाली आणि प्रत्येक कामाला वेगळे माणूस आले, की एक जुना नैतिक प्रश्न पुढे येतो. अनेकांनी मिळून सांभाळलेल्या मुलाचे उत्तरदायित्व नेमके कोणाकडे असते?

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात रक्षकवर्गाच्या मुलांचे संगोपन सामुदायिक असावे असे सुचवले. आईबापांना आपले मूल ओळखूच येणार नाही, मग प्रत्येक जण प्रत्येक मुलाला आपले मानेल, असा त्याचा हिशेब होता. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये तो खोडून काढला. जे सगळ्यांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, कारण दुसरा कोणी बघत असेलच असे प्रत्येकाला वाटते. अशा व्यवस्थेतली माया पुष्कळ पाण्यात मिसळलेल्या थोड्याशा मधुर रसासारखी बेचव होते, असे त्याचे म्हणणे. कोणतेही वाढते पाळणाघर या आक्षेपाच्या कक्षेत येते.

मात्र या आक्षेपाचा रोख माणसांच्या संख्येवर नाही, नात्यांच्या अस्पष्टतेवर आहे. एकत्र कुटुंबात मूल आजी, काकू, आत्या अशा अनेक हातांत वाढते आणि तरी पोरके होत नाही, कारण प्रत्येकीशी त्याचे नाते वेगळे आणि ओळखीचे असते. माया रक्तातूनच यायला हवी, असेही नाही. कृष्णभक्तीच्या परंपरेत वात्सल्याचा आदर्श आहे यशोदा, आणि कृष्ण तिच्या पोटचा नाही. तिचे आईपण रोजच्या भरवण्यातून, न्हाऊ घालण्यातून, रागावण्यातून घडलेले आहे. मायेचा उगम सांभाळण्यात असेल, तर पगार घेऊन सांभाळणाऱ्या ताईलाही ती नाकारता येत नाही. प्रश्न इतकाच उरतो की संस्थेची रचना त्या मायेला वाव देते की नाही.

या प्रश्नाला सर्वांत ठोस उत्तर मिळाले ते बुडापेस्टमध्ये. बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी 1946 मध्ये तिथे आईवडिलांविना असलेल्या तान्ह्या मुलांसाठी बालगृह सुरू केले. त्यांनी कामाची वाटणी मुलांनुसार केली. एका परिचारिकेकडे ठरावीक मोजकी मुले, आणि त्यांचे अंघोळ, जेवण, कपडे शक्यतो तिच्याच हातून. प्रत्येक कृती करण्याआधी ती मुलाला काय होणार ते सांगे आणि त्याच्या प्रतिसादासाठी थांबे. याउलट एकीने भरवायचे, दुसरीने धुवायचे, तिसरीने झोपवायचे ही वाटणी वेळ वाचवते, पण मूल दिवसभर एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. ॲरिस्टॉटलची भीती खरी होते ती इथे.

म्हणून तज्ज्ञांची निवड करतानाची कसोटी एकच राहते: हा माणूस ताई आणि मूल यांच्यामध्ये येतो, की त्या दोघांच्या मागे उभा राहतो? वास्तुविशारदाने मोरी खोलीपासून लांब काढली, तर एका मुलाला नेताना ताईला बाकीच्यांना सोडून जावे लागते. हिशेबनिसाच्या आकड्यांतून एका ताईकडे किती मुले हे ठरते, तेव्हा तो मुलाला कधी भेटला नसला तरी निर्णय मुलाच्याच आयुष्याचा असतो. बालरोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतो. मूल दोन दिवस नीट जेवत नाही हे त्याला ताईच सांगते. तिचे हे निरीक्षण तज्ज्ञाच्या ज्ञानाइतकेच मोलाचे मानले गेले पाहिजे. ते मानले जात नाही अशा ठिकाणी मोठमोठ्या पदव्यांची माणसे असूनही संघ होत नाही.

मुलांच्या गरजेभोवती माणसे जोडण्याचे महाराष्ट्रातले उदाहरण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात आहे. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी वस्तीत मुलींना शाळेत येता येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. त्यावर उपाय निघाला विकासवाडीचा: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मॉन्टेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे वापरले गेले. विस्तार कोणत्या दिशेने करायचा हे तिथे मुलांच्या जगण्यावरून ठरले आणि माणसे त्या गरजेप्रमाणे जोडली गेली. ताराबाईंनी वस्तीतल्या अंगणात नेलेली बालवाडी पुढे देशभर अंगणवाडी या नावाने ओळखली गेली. अंगणवाड्या चालवणारी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली.

याच योजनेत मोबदल्याचा प्रश्न उघडा पडला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना पगाराऐवजी मानधन मिळते, कारण त्यांचे काम स्वेच्छेची सेवा मानले गेले. निरपेक्ष कर्माचा आदर्श थोर आहे, पण तो स्वतःसाठी स्वीकारायचा असतो. दुसऱ्यावर, तेही गरीब बाईवर, लादला की ते शोषण होते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. पाळणाघरात हा मुद्दा मुलापर्यंत पोहोचतो, कारण तुटपुंज्या पैशांमुळे ताई काम सोडते तेव्हा मुलाचे ओळखीचे माणूस जाते. त्यामुळे विस्ताराच्या अंदाजपत्रकात रंगीत भिंतींच्या आधी ताईचा पगार, तिची रजा आणि तिच्या जागी येणारीला मुलांची ओळख व्हावी म्हणून दोघींनी एकत्र काढायचे काही आठवडे यांची तरतूद व्हावी लागते.