पाचव्याचा हिशेब

नगर,
ऑक्टोबरअखेर

चि. भाचेबुवांस,


क्रॉस-कंट्रीच्या रीजनल रेसपासून तू घरात कुणाशी धड बोलत नाहीस, असं तुझ्या आईने सांगितलं. संघ थोडक्या गुणांनी मिशिगन राज्याच्या अंतिम स्पर्धेला मुकला, तुमच्यातला पहिला मुलगा एकटाच पात्र ठरला, आणि संघात पाचवा आलेला तू सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसला आहेस. परतीच्या बसमध्ये कुणीतरी तसं बोलूनही दाखवलं म्हणे. फोनवर तू 'हो', 'नाही' आणि 'ओके' यांपुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. मराठी वाचताना अडलास तर आईला विचार. तिच्या तक्रारी यात नाहीत, तेव्हा ती काही गाळणार नाही.

मी मिशनच्या शाळेत पीटी शिकवत आलो. सांत्वन करणं मला फारसं जमत नाही, हिशेब मात्र येतो. तोच आधी करू.

क्रॉस-कंट्रीत सात जण पळतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवतात आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ जिंकतो. हे तुला पाठ आहे. आता एक काल्पनिक रेस धर. एका शाळेची मुलं आली पहिली, चौथी, चाळिसावी, पंचावन्नावी आणि शंभरावी. बेरीज 200. दुसऱ्या शाळेची आली 25, 30, 35, 42 आणि 48. बेरीज 180. पहिल्या चोविसांत ज्यांचा एकही मुलगा नाही, ती शाळा जिंकली. पुढे बघ. आघाडीवर मुलं विरळ असतात. तिथे पहिल्या नंबरच्या मुलाने दहा सेकंद वाचवले तरी एखाद-दुसरा क्रमांक सुधारतो, आणि तो पहिलाच आला असेल तर तेवढाही नाही. मधल्या गर्दीत मात्र दहा सेकंदांत दहा-पंधरा जण मागे पडू शकतात. संघाचे सगळ्यांत स्वस्त गुण तिथे, तुझ्या आसपास, पडलेले असतात. तेव्हा बसमधल्या त्या मुलाचं एका अर्थाने बरोबर होतं, पाचव्यावर बरंच अवलंबून असतं. त्याचं चुकलं ते पुढे. पाचवा जागा धरू शकला नाही की चौथ्याने, सहाव्याने आणि सातव्यानेही काय केलं हे विचारावं लागतं. सहावा आणि सातवा बेरजेत नसले तरी समोरच्या संघाच्या पाचव्याच्या पुढे येऊन त्याचा आकडा वाढवू शकतात. तुमचे दोघे त्या दिवशी कुठे होते, हे निकालाच्या कागदावर बघ. बघ आणि कागद घडी करून ठेवून दे, कुणाला दाखवू नकोस.

तुला 1924 सालच्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट सांगायची आहे. तेव्हा ऑलिंपिकमध्येही क्रॉस-कंट्री होती. 12 जुलैचा दिवस, ऊन चाळिशीच्या घरात, वाटेवर एका वीजकेंद्राचा धूर. 38 जण निघाले आणि 15 जण पोचले. बाकीचे वाटेत कोसळले किंवा थांबले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला. दोनच दिवसांपूर्वी त्याने एका संध्याकाळी 1500 आणि 5000 मीटर अशी दोन सुवर्णपदकं घेतली होती, आणि इथेही तो दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीड मिनिट पुढे होता. त्या रेसचं वर्णन करणारे बहुतेक लोक नुर्मीपाशी थांबतात. पण संघाचं पदक मिळायला तिघे पोचायला हवे होते. दुसरा रिटोला पोचला. तिसरा, हेइकी लीमाटाइनेन, उन्हाने इतका भ्रमला होता की अंतिम रेषा थोडी उरली असताना थांबला आणि उलट्या दिशेने चालू लागला. मग भानावर येऊन वळला आणि चालतच रेषेपलीकडे गेला. बारावा. तो बारावा क्रमांक नसता तर नुर्मीची दीड मिनिटांची आघाडी संघाच्या काही कामाची नव्हती. त्या दिवसानंतर ऑलिंपिकमधून क्रॉस-कंट्री काढून टाकली. तुमच्या मिशिगनमध्ये नोव्हेंबरात चिखलात पळताना गारठल्याची तक्रार करण्याआधी हे आठव.

तुमच्या संघाच्या टी-शर्टवर पाठीमागे करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय छापलाय, आईने फोटो पाठवला होता. शर्यतीत सगळे धावतात पण बक्षीस एकालाच, ती जागा. छापणाऱ्याला दोष देत नाही, जगभर सगळ्या ख्रिस्ती शाळा तेच छापतात. ते पत्र लिहिणारा पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला होता. गावाजवळच इस्थमियन खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे. तेव्हा त्याने डोळ्यांसमोरचं उदाहरण घेतलं यात नवल नाही. पण ती शर्यत एकट्याची होती. तुमची नाही. मला विचारशील तर तुमच्या शर्टवर त्याच पत्राचा बारावा अध्याय हवा. शरीराचे अवयव पुष्कळ, आणि जे दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे, असं तिथे तो समजावतो. त्याला गुणतक्ता माहीत नव्हता, तरी पाचव्या धावपटूबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. कोचना सुचवून बघ. पुढच्या वर्षी शर्ट नवे येतीलच.

आता तुझ्या रेसबद्दल. मैलांच्या वेळा बघितल्या. पहिला मैल साडेपाच मिनिटांत आणि तिसरा साडेसहाच्या पुढे. हे पायांचं काम नाही, बंदूक वाजल्यावर डोकं हरवण्याचं आहे. सुरुवातीला मैदान रुंद असतं, पुढे वाट अरुंद होते, म्हणून सगळे तुटून पडतात. हृदय आणि श्वास पुऱ्या वेगाला यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोवर स्नायू ऑक्सिजनची बरीच तूट सोसून शक्ती काढतात. ती उधारी असते, आणि शेवटच्या मैलात ती सावकारी व्याजाने फेडावी लागते. पहिली दोन मिनिटं तुला वाटेल त्यापेक्षा हळू पळ. शेजारचे पुढे जातील, जाऊ देत. चढावर घड्याळ बघू नकोस, श्वास मोज. चढ-उतारांच्या वाटेवर वेग सारखा राहत नाही, कष्ट सारखे ठेवायचे असतात. दुसऱ्या मैलाच्या मध्यावर कुणीच ओरडत नाही, प्रेक्षक नसतात, तिथे तुझी रेस सुरू होते. तिथे पुढचा एक शर्ट निवड आणि त्याला गाठ. मग पुढचा. गाठलेल्याकडे वळून बघायचं नाही.

आपल्या नगरला लागून बीडचा आष्टी तालुका आहे, तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुला माहीत आहे. शाळेत जायला रोज पाच-सहा किलोमीटर पायी किंवा पळत जायचा, ही गोष्ट सगळे सांगतात. पण ती ऐकून कुणी धावपटू होत नाही, मांडव्याची बाकीची पोरंही तशीच शाळेत जात असणार. तो फौजेत गेला, सियाचीनमध्ये राहिला, आणि 2015 मध्ये सैन्याच्या क्रॉस-कंट्रीत उतरला तेव्हा कुठे त्याचं पळणं आकाराला आलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य. 1994 नंतर त्या शर्यतीत केनियाबाहेरच्या कुणाला पदक मिळालं नव्हतं. तू सोळाचा आहेस. घाई कसली?

रविवारी सराव नसतो यावर तू कुरकुरतोस हे ऐकलं. दुसऱ्या शाळांची पोरं रविवारी लांबचं पळतात आणि आपण चर्चमध्ये बसतो, असं तुझं म्हणणं. रविवारी न पळणाऱ्या एरिक लिडेलचं नाव त्यावर तुला शंभरदा ऐकवलं असेल, त्याच्यावरचा सिनेमाही शाळेने दाखवला असेल. सिनेमात त्याला जहाजावर चढताना शेवटच्या क्षणी कळतं की शंभर मीटरची पहिली फेरी रविवारी आहे. खरं म्हणजे त्याला ते कित्येक महिने आधी माहीत होतं. म्हणून तर चारशे मीटरचा सराव करायला त्याला वेळ मिळाला आणि त्याच पॅरिसमध्ये, नुर्मीच्या त्या उन्हाच्या आदल्या दिवशी, तो 47.6 सेकंदांत जिंकला. निर्णय आधी घेतला होता, मग मेहनत केली. चमत्कार वगैरे म्हणणाऱ्यांनी ते मधले महिने गाळले.

मला त्याच्या आयुष्यातला एक नंतरचा रविवार जास्त आवडतो, तो सिनेमात नाही. 1925 मध्ये तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी खेळ नाही हा नेम त्याने तिथेही ठेवला. एका रविवारी पोरांनी आपली आपणच हॉकी काढली आणि पंच नसल्याने मारामारीवर आली. पुढे लिडेल स्वतः रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उभा राहू लागला. ऑलिंपिकच्या सुवर्णासाठी जो नेम मोडला नाही, तो भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. नेम कशासाठी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फेब्रुवारी 1945 मध्ये तो त्या छावणीतच मेंदूतल्या गाठीने वारला, वय 43. तुझ्या रविवारचं सांगायचं तर, कष्टाचा फायदा शरीरात विश्रांतीच्या वेळीच मुरतो, हे धर्माबाहेरचे शास्त्रज्ञही सांगतात. पडून राहा.

प्रार्थनेबद्दल एकच. तुमचे संघ रेसआधी गोल करून गुडघे टेकतात, ते चांगलं आहे. पण तुमच्याबरोबर पळणाऱ्या निम्म्या शाळाही ख्रिस्ती आहेत, त्याही टेकतात. सगळ्यांनी जय मागितला तर देवाने काय करायचं? जय मागू नकोस. सहा जणांची नावं घे, दुसऱ्या संघात ओळखीचा कुणी असेल तर त्याचंही घे, आणि उठ.

तुमचे कोच मूळचे गणिताचे शिक्षक आहेत आणि 'खरे' कोच नाहीत, असं कुणी पालक म्हणाले असतील तर तिकडे लक्ष देऊ नकोस. 1976 मध्ये कोल्म ओ'कॉनेल नावाचा आयरिश ब्रदर केनियातल्या इतेन गावी सेंट पॅट्रिक शाळेत भूगोल शिकवायला गेला. कोचिंगचं कसलंही शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. त्याच शाळेत घडलेल्या पीटर रोनोने 1988 मध्ये सोल ऑलिंपिकची 1500 मीटर जिंकली. पुढे 2012 मध्ये लंडनला आठशे मीटरचा विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशाही ब्रदर कोल्मचाच शिष्य.

हिवाळ्यासाठी थोडं. आधी दोन आठवडे अजिबात पळू नकोस. मग हळू, बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि अंतर एकदम वाढवायचं नाही. नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की दुखत असेल, तर 'सहन करतो' म्हणायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. तुझ्या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, फोन बाहेरच्या खोलीत ठेव. आईच्या हातची बाजरीची भाकरी नाकारू नकोस, पळणाऱ्याला लोह लागतं. बाकी खाण्याचं तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर पत्राला बसलो. शनिवारी ब्रुकलिनजवळच्या त्या मोटार शर्यतींच्या मैदानावर, स्पीडवेवर, राज्याची अंतिम स्पर्धा आहे. तुमचा पहिला नंबर तिथे एकटा पळणार आहे, पाठीमागे संघ नाही. तू जाणार नाहीस असं म्हणालास. तुमच्या ग्रँड रॅपिड्सहून दोनेक तासांची वाट आहे, बाबा सोडायला तयार आहेत, मी विचारलं. जा. अंतिम रेषेपाशी गर्दीत उभा राहू नकोस, तिथे त्याला कुणाचाच आवाज वेगळा ऐकू येणार नाही. दुसऱ्या मैलाच्या मध्यावर, जिथे कुणी नसतं, तिथे दोरीपाशी उभा राहा आणि त्याचं नाव घेऊन ओरड. बसमध्ये बोललेल्या त्या मुलालाही गाडीत घे. रात्री मला फोन कर, नगरला तेव्हा पहाट असेल, मी उठलेलाच असतो.

तुझा
मामा