पांझरेचे पाणी आणि शेजारधर्म

धुळे येथे पांझरा नदीच्या तीरी खान्देशची कुलस्वामिनी श्री एकवीरा माता विराजमान आहे. दर्शनास येणारे भाविक नदीसही हात जोडतात. परंतु याच नदीकाठी साक्री व धुळे तालुक्यांतील गावांनी शतकानुशतके जो शेजारधर्म पाळला, त्याची माहिती पुष्कळांस नसते. ती येथील फड पद्धती होय.

नदीस दगडी बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा आणि पाटाखालील शिवार फडांत विभागावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस, तर दुसऱ्यात गहू वा ज्वारी. पीक एकच असल्याने सर्वांची पाण्याची पाळी एकत्र येई आणि पाणी वाया जात नसे. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असे, हे या व्यवस्थेचे खरे मर्म. नदीस पाणी कमी असल्यास पंच एखाद्या फडाचे पाणी त्या वर्षापुरते बंद ठेवीत आणि तूट सर्वांच्या वाट्यास येई.

आपल्या शेताचे बारे आपणच फोडण्याची मुभा मालकास नसे. ते काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्या करी. पाटातील गाळ शेतकरी एकत्र येऊन काढीत. तंटे होत नसत असे नव्हे, पण ते पंचांपुढे येत.

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांस अर्पण न करता एकटाच भोगणाऱ्यास भगवंतांनी चोर म्हटले आहे. पांझराकाठच्या शेतकऱ्याने तो अध्याय वाचला असेल वा नसेल; नदीचे पाणी एकट्याचे नाही, हे तो जाणून होता.

पुढे विहिरी व मोटारी आल्या, नदीवर धरणे झाली. ज्याची विहीर त्याचे पाणी, असा व्यवहार रूढ झाला. कित्येक फड मोडले. तरीही काही गावांनी पाट राखले आहेत. आपल्या गावच्या पाटाच्या, बारवेच्या डागडुजीस लागलेले द्रव्य व श्रम हेही देवकार्यच, असे देणगीदारांनी निःशंक मानावे.

पांझरा पुढे मुडावद येथे तापीस मिळते. त्या संगमावर श्री कपिलेश्वराचे मंदिर आहे. साक्रीच्या वाटेने जाणाऱ्या भाविकांनी मात्र एखादा जुना बंधारा अवश्य पाहावा, आणि काठी कोणी वयोवृद्ध शेतकरी भेटल्यास त्यांना पाण्याच्या पाळीविषयी विचारावे.